उन्हाची भट्टी आणि बाईचा दिवस



मागच्या बैठकीला आम्ही घरी भाजलेले दोन पाव घेऊन आलो होतो. तीन वाटे गहू आणि एक वाटा ज्वारी. भाजायला पऱ्हाटीची काडी लागली नाही, गोवरी लागली नाही, गॅसही लागला नाही. अंगणातल्या काचेच्या पेटीत नुसत्या उन्हावर भाजलेला पाव. तुकडे वाटले, लोकांनी खाल्ले, चांगला झाला म्हणाले. मग प्रश्न सुरू झाले. एका भावाने विचारले, "आता भाकरी सोडून पाव खायचा का?" दुसऱ्याने विचारले, "ही पेटी अनुदानावर कधी मिळणार?" दोघांनाही आम्ही तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिले. तिसरा प्रश्न मात्र भांडी घासता घासता एका बहिणीने विचारला आणि त्यावर आम्ही गप्प झालो. ती म्हणाली, "एवढा वेळ तिच्यापाशी बसलं कोन होतं?"

खरे उत्तर असे की, आमची आई बसली होती. आम्ही बैठकीचे कागद लावत होतो. दर पाऊण तासाला उठून पेटीचे तोंड सूर्याकडे फिरवण्याचे काम सत्तरी ओलांडलेली बाई करत होती, आणि पाव 'आम्ही' भाजला असे बैठकीत सांगितले आम्ही. त्या बहिणीच्या एका प्रश्नात या विषयातले सगळे खरे-खोटे आले आहे. म्हणून हे टिपण.

आमचीच जुनी चूक

शेतकीची पदवी घेऊन आम्ही काही वर्षे नोकरी केली, हे तुम्हाला माहीत आहे. त्या काळात एका योजनेतून पेटीच्या सूर्यचुली गावात वाटायचे काम आमच्याकडे आले होते. वऱ्हाडातल्या एका गावात आम्ही त्या वाटल्या. देवळासमोर बाया जमवल्या, पेटीत भात शिजवून दाखवला, सरपणाच्या मोळीचे दुःख सांगितले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, यादीवर अंगठे झाले. सहा महिन्यांनी त्याच गावात गेलो. एका घरी पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. एका घरी सरकीची ढेप ठेवली होती. एका घरी आरसा काढून भिंतीवर दाढीसाठी लावला होता. आम्ही जरा रागानेच एका बाईला विचारले, "का हो, वापरत का नाही?" ती निंदणाला निघाली होती. विळा कमरेला खोचत ती म्हणाली, "साहेब, पेटी तं चांगली हाय. पन घंट्या-घंट्याले तिचं तोंड फिरवाले मी वावरातून येऊ का?"

कचेरीत परतून आम्ही अहवाल लिहिला. त्यात लिहिले : 'लाभार्थींमध्ये जागृतीचा अभाव.' आज ते वाक्य आठवले की लाज वाटते. अभाव जागृतीचा नव्हता. सकाळी आठला वावरात जाऊन संध्याकाळी सहाला परतणाऱ्या बाईच्या दिवसात बसेल अशी ती वस्तूच नव्हती. वस्तू करणाऱ्याने तिचा दिवस पाहिला नाही आणि वाटणाऱ्या आम्हीही पाहिला नाही.

ही चूक आमच्याआधीही झालेली आहे. उन्हावर अन्न शिजवण्याची कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडच्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ साली एकावर एक काचा लावून बंद पेटी तापवली आणि उकळत्या पाण्याइतकी उष्णता मिळवून दाखवली. आपल्या मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अंमलदाराने कुलाब्याला आरसे लावून सूर्यचूल केली. जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच छापले गेले. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने आरशाची सूर्यचूल काढली, तिचा गाजावाजा झाला, पण घराघरांत ती गेली नाही. १९८२ साली केंद्र सरकारात अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते झाले, पेटीच्या चुलींना अनुदान आले. त्या चुली किती घरांत टिकल्या ते तुमच्या गावातल्या माळ्यांवर पाहा. ऊन कमी पडले म्हणून यातली कोणतीही चूल मागे पडली नाही. चूल कोण पेटवते, केव्हा पेटवते आणि तिच्यावर काय शिजवते, हे विचारले गेले नाही म्हणून मागे पडली.

पेटी काय करते, काय करत नाही

भर दुपारी स्वच्छ उन्हात एका चौरस मीटर जागेवर हजार वॅटच्या आसपास उष्णता पडते. आपली पेटी अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. म्हणजे तिच्या वाट्याला त्याचा चौथा हिस्सा, वर आरशाने टाकलेली थोडी भर. त्यातले निम्म्याच्या आसपास बाहेर निसटते. उरते ते जुन्या पिवळ्या दिव्यांच्या दोन-तीन बल्बांइतके. एवढ्यावर रिकामी पेटी हळूहळू १२० ते १४० अंशांपर्यंत तापते. चांगले चार आरसे लावलेली, सूर्याकडे तिरकी धरलेली भट्टी याहून जास्त तापते, पण तिची करणीही तितकीच अवघड.

आता भाकरीचे पाहू. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो. म्हणून आपण गरम पाण्यात पीठ मळतो, थापतो आणि लालसर तापलेल्या तव्यावर टाकतो. दोनशे अंशांच्या वरचा तवा तिला दोन-तीन मिनिटांत धरतो. पाणी फिरवले, उलटली, आरावर टेकवली की टम्म फुगते. हे काम १३० अंशांच्या पेटीत कधीही होणार नाही. भाकरी पेटीत ठेवली तर भाजत नाही, वाळते. तेव्हा पहिल्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : भाकरी सोडायची नाही, ती तव्यावरच राहील. 'सूर्यचुलीने चूल बंद होईल' असे जो सांगतो, त्याने भाकरी केलेली नाही.

पण आपल्याकडे मंद आचेवर भाजण्याचीही जुनी रीत आहे, ती आपण विसरतो. वऱ्हाडातला रोडगा, पानगा, खानदेशातली बट्टी हे सगळे गोवऱ्यांच्या आरात सावकाश भाजतात. बाहेरून आच, आत वाफ, वेळ भरपूर. पाव हा त्याच घराण्यातला. पावाच्या पोटात ९०-९५ अंश उष्णता पोहोचली की पीठ शिजते, पाव बसत नाही, कापता येतो. तेवढी उष्णता आपल्या पेटीत आहे. फक्त बेकरीच्या भट्टीत अर्ध्या-पाऊण तासात होणारे काम पेटीत अडीच-तीन तास घेते आणि वरचे कवच बेकरीसारखे तांबूस न होता फिकट राहते. चवीत उणे येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, उन्हाची पेटी ही तव्याची सवत नाही, ती रोडग्याच्या आराची बहीण आहे.

दूरच्या एका गावाचे उदाहरण देतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात एल्की नावाचे खोरे आहे. पाऊस नावाला, आकाश निरभ्र, सरपणाची टंचाई. तिथल्या विलासेका या गावात १९८९ साली चिली विद्यापीठाच्या आहार संस्थेने गावच्या लोकांबरोबर सूर्यचुलींचे आणि सूर्यभट्ट्यांचे काम सुरू केले. पुढे त्या गावच्या बायांनी उन्हावर शिजवलेल्या जेवणाची खानावळ काढली आणि ती दूरवर नावाजली गेली. तिथे हे का जमले? आमच्या मते एक कारण साधे आहे. तिथले रोजचे खाणेच भट्टीत भाजलेला पाव आहे. वस्तू खाण्याला जुळली. आपल्याकडे खाणे तव्याचे आणि पेटी भट्टीची, अशी सोयरीक आम्ही लावली होती. ती मोडणारच.

जळणाचा हिशेब

"आमच्याकडे जळण फुकट आहे, पऱ्हाटी पडलीच आहे," असे काही भाऊ म्हणतील. हिशेब मांडू या.

पऱ्हाटी फुकट नाही. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले ते कोणी विसरलेले नाही. ती अळी जाते कुठे? फरदडीत राहते, आणि अर्धवट उमललेली, किडकी बोंडे अंगावर घेऊन बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत सुप्त पडून राहते. पाऊस पडला की पतंग होऊन तुमच्याच नव्या पिकावर येते. जळण म्हणून घरामागे वर्षभर सांभाळलेली गंजी म्हणजे अळीला दिलेली फुकट धर्मशाळा. तिचे भाडे आपण पुढच्या हंगामात फवारणीच्या रूपाने भरतो. हंगाम संपताच पऱ्हाटी उपटावी, बारीक करून कुजवावी किंवा लगेच वापरून संपवावी, हे तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे. पण चुलीला वर्षभर काय घालायचे याचे उत्तर दिल्याशिवाय हा सल्ला देणे म्हणजे बाईला उपाशी ठेवून उपदेश करणे.

गोवरीचेही तसेच. शेण जाळले की त्यातला नत्र आणि सेंद्रिय भाग धुरात जातो, राखेत उरते ते थोडे पालाश. मग तोच नत्र आपण पोत्याने विकत आणतो. कोरडवाहू जमिनीत ओल धरून ठेवायला जे खत हवे, ते आपण भाकरीखाली जाळतो. आणि या सगळ्याचा धूर कोण घेते? ज्या बाईच्या डोळ्यांतून रोज पाणी येते ती.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला. आला हे चांगले झाले. पण टाकी भरायला रोख पैसा लागतो, आणि कापूस विकला जाईपर्यंत आपल्या घरात रोख नसतो. म्हणून कितीतरी घरांत टाकी पाहुण्यांच्या चहाला आणि चूल रोजच्या भाकरीला, असे चालू आहे. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण अजून खोटी झालेली नाही.

या हिशेबात उन्हाची पेटी किती भर घालते? सगळे जळण वाचवते असे आम्ही म्हणणार नाही. तव्याचे काम तिला होत नाही. डाळ, भात, भाजी, दाणे भाजणे, रवा कोरडा करणे, रोडगा आणि पाव, एवढे ती करते, तेही दिवसा आणि पावसाळा सोडून. जळणातला एक हिस्सा वाचतो, सगळे नाही. एवढाच दावा खरा आहे, आणि खरा दावा लहान असला तरी टिकतो.

पेटी घरीच करा

अनुदानाची वाट पाहू नका. या पेटीत असे काही नाही जे गावचा सुतार आणि पत्र्याचे काम करणारा मिळून करणार नाहीत. एकात एक दोन पेट्या. आतली पत्र्याची, अर्धा मीटर लांब-रुंद, एक वीत खोल, आतून मंद काळ्या रंगाने रंगवलेली. शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग चालतो. बाहेरची फळकुटांची, चारी बाजूंनी आणि खाली चार बोटे मोठी. मधल्या फटीत उष्णता अडवणारे काहीतरी ठोसून भरायचे. बाहेरगावचे लोक यासाठी काचलोकर विकत घेतात. आपल्या घरात कवडी कापूस पडलेला असतो. व्यापारी ज्याला हात लावत नाही तो हा कापूस इथे उत्तम काम करतो. मात्र कोरडा भरा आणि पेटीजवळ दिवा-बत्ती नेऊ नका.

वर दोन काचा, मध्ये बोटभर हवेची फट. काचेच्या चौकटीला जुन्या ट्यूबची पट्टी लावून वाफ बाहेर जाणार नाही असे करायचे. झाकणाला आतून आरसा. रंग लावल्यावर पेटी दोन दिवस रिकामी उन्हात तापवा, म्हणजे रंगाचा वास निघून जाईल. नाहीतर पहिल्या पावाला फळ्याचा वास येईल आणि घरातले पुन्हा तोंड लावणार नाहीत. आमच्या घरी हे झालेले आहे.

डिसेंबरच्या शेवटी आपल्या भागात सूर्य भर दुपारीही ४५ अंशांच्या आसपासच चढतो, मेमध्ये जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून हिवाळ्यात पेटीची मागची बाजू विटेने उचलून तिचे तोंड दक्षिणेकडे कलते करा. उन्हाळ्यात ती सपाट ठेवली तरी चालते. आरशाकडे थेट पाहू नका, लेकरांनाही पाहू देऊ नका.

पाव कसा करावा

दोन पावांचे माप : गव्हाचे पीठ पाऊण किलो, ज्वारीचे पाव किलो, मीठ तीन लहान चमचे, गूळ एक मोठा चमचा, तेल दोन मोठे चमचे, कोरडे यीस्ट दोन लहान चमचे. यीस्ट तालुक्याच्या बेकरी सामानाच्या दुकानात मिळते. पाणी सगळे मिळून पाऊण लिटरपेक्षा थोडे कमी.

ज्वारी चारातला एक वाटा, त्याहून जास्त नको. चिकटा नसल्याने ज्वारी पिठात वायू धरत नाही आणि पाव विटेसारखा होतो. गहू लोकवन किंवा शरबती असेल तर बरा. कोरडवाहूतला बन्सी पोळीला, शेवयांना चांगला, पण पाव त्याचा तितका फुगत नाही.

ज्वारीच्या पिठावर आधी उकळते पाणी, साधारण चार लहान वाट्या, ओतून ढवळा आणि झाकून कोमट होऊ द्या. भाकरीला आधण लावतो त्यातलाच हा प्रकार. यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मग कोमट पाण्यात गूळ आणि यीस्ट विरघळवून दहा मिनिटांनी फेस आला की गव्हाचे पीठ, मीठ, तेल आणि उकड एकत्र करून चांगले दहा-बारा मिनिटे मळा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल. उन्हाळ्यात तासाभरात पीठ दुप्पट होते, थंडीत दोन तास धरा. मग दोन गोळे करून तेल लावलेल्या दोन डब्यांत घाला. डबे बाहेरून काळे रंगवलेले आणि झाकणाचे हवेत. पांढरा चकचकीत डबा ऊन परत फेकतो.

वेळ सांभाळा. पेटी साडेनऊला उन्हात मोकळी तापत ठेवा. डब्यातले पीठ अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा वर आले की अकराच्या आत ते पेटीत जायला हवे. दर पाऊण तासाला तोंड फिरवा. झाकण मधून मधून उघडून पाहू नका. एकदा उघडले की गेलेली उष्णता परत यायला अर्धा तास लागतो. दीड-दोनच्या सुमारास पाव काढा. बुडावर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि आत घातलेली सळई कोरडी निघाली की झाला. निवल्याशिवाय कापू नका. मध्येच आभाळ आले तर वाट पाहत बसू नका, पीठ आंबट होऊन बसते. सरळ चपटे गोळे करून तव्यावर किंवा आरात भाजा. रोडगा झाला, वाया काही गेले नाही.

कोणाचा वेळ, कोणता महिना

आता त्या बहिणीच्या प्रश्नाकडे परत येऊ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ असते, पेटी बंद. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ऊन चांगले, पण बाई कापूस वेचायला असते. त्या दिवसांत तिच्या गळ्यात ही पेटी घालणे म्हणजे तिच्या अठरा कामांत एकोणिसावे घालणे. ते आम्ही सांगणार नाही. घरात म्हातारी माणसे आहेत, शाळेतून दुपारी येणारी मुले आहेत, पारावर बसलेले पुरुष आहेत. पेटीचे तोंड फिरवायला चुलीचे ज्ञान लागत नाही, घड्याळ लागते. ज्या घरात पुरुष हे काम घेईल त्या घरातच हिवाळ्यात पेटी चालेल. इतरांनी विकत घेऊन माळ्यावर टाकू नये.

पण फेब्रुवारी ते मे पाहा. कोरडवाहू वावर रिकामे असते. बायांना मजुरी नसते. अर्धे गाव कामासाठी बाहेर जाते. आणि नेमक्या याच चार महिन्यांत आकाश सर्वांत स्वच्छ, ऊन सर्वांत कडक. ज्या उन्हाने आपले वावर बसवून ठेवले तेच ऊन भट्टीला सर्वांत जास्त कामाचे. बागायतदाराला उन्हाळ्यातही पाण्यामागे धावावे लागते. कोरडवाहू शेतकऱ्याला या चार महिन्यांत दोनच गोष्टी भरपूर मिळतात, वेळ आणि ऊन. दोन्हींना आजवर बाजारात भाव नाही म्हणून आपण त्यांना फुकट समजतो.

रोज सकाळच्या गाडीने तालुक्याहून गावात काय येते ते मोजा. पाव, टोस, खारी, बिस्किटे. लेकराच्या हातात पुडा, म्हाताऱ्याच्या चहात टोस. आणि त्याच गाडीच्या टपावरून काय जाते? ज्वारीची पोती. एका कागदावर किलोभर ज्वारीला मिळालेला भाव लिहा आणि शेजारी किलोभर टोसला दिलेला भाव लिहा. मधला फरक कोणाच्या खिशात गेला याचा विचार करा. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. शहरातल्या लोकांना ज्वारीचे गुण कळले, दुकानांत ज्वारीची बिस्किटे आली. पण खरिपाची ज्वारी पेरणारा आपल्या भागात कमीच होत गेला. गुणगान ज्वारीचे झाले, दाम पुड्याला मिळाला.

एका पेटीत दिवसाला दोन पाव होतात. यावर धंदा उभा राहील असे आम्ही सांगत नाही, तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण आठ-दहा घरांनी मिळून चार पेट्या केल्या आणि पाळीपाळीने एकाच माणसाने राखल्या, तर चार पेट्या फिरवायला एका पेटीपेक्षा फार वेळ लागत नाही. रोजचे आठ पाव गावातच खपतात. पिठाचा, यीस्टचा आणि राखणाऱ्याच्या मजुरीचा खर्च त्यात धरा. मजुरी धरल्याशिवाय हिशेब करू नका. आपल्या घामाची मजुरी न धरता काढलेला उत्पादन खर्च आम्ही कापसात मान्य करत नाही, मग घरच्या बाईचा वेळ पावात फुकट कसा धरायचा? मजुरी धरून काही उरले तर काम पुढे न्या, मोठ्या आरशांच्या भट्टीचा विचार करा. उरले नाही तर पेटी घरच्या डाळ-भाताला ठेवा. दोन्हीत कमीपणा नाही.

शेवटी, कोणी म्हणेल की भावाचा प्रश्न सोडून हे पावाचे काय काढले? भावाचा प्रश्न सुटलेला नाही आणि पावाने सुटणारही नाही. 'भाव मागू नका, जोडधंदा करा' असे आपल्याला पुष्कळांनी सांगितले आहे. हे टिपण त्यांच्या बाजूचे समजू नका. पण दुसऱ्याच्या श्रमाला भाव देण्याची सवय स्वतःच्या घरातून लावता आली नाही, तर बाहेर भाव मागताना आपला आवाज चिरका येतो.

पुढच्या बैठकीला ज्यांनी पेटी केली असेल त्यांनी तिच्यातला पाव, नाहीतर फसलेली वीटच, घेऊन यावी. सोबत एक चिठ्ठी आणावी : पीठ किती, वेळ किती, आणि पेटीचे तोंड कोणी फिरवले. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. आमच्या चिठ्ठीवर या वेळी आईचे नाव नसेल. अकरा ते दोन पेटीपाशी आम्ही स्वतः बसणार आहोत, कागद तिथेच लावू.